वळीव झाला की बागेतले रंगीत लाइट का जातात?

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापुढे बाग म्हणावी अशी काही जागा नाही. कंपाउंडच्या आत एक लांबट पट्टी, तिच्यात पारिजातक, दोन जास्वंदी, कढीपत्ता आणि पश्चिमेच्या भिंतीवर चढलेली मधुमालती. एवढ्याशा जागेसाठी मी तीन वर्षांत तीनदा मोबाइलवर रंग बदलणारे लाइट घेतले. तिन्ही वेळा खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं होतं आणि आधीच्या दोन्ही वेळा पहिल्या वळवाने त्यांतले काही गेले.

पहिल्या वर्षी आठांतले तीन गेले. दुकानदार म्हणाला, “आयपी ६५ आहेत सर, पाणी आत जाऊच शकत नाही.” (आयपी म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याचा छापील दर्जा, त्याबद्दल पुढे.) वायरमन म्हणाला, “टेप चांगला आवळून मारलाय की ओ सर, जॉइंटला काय होत नाही.” दोघंही मनापासून बोलत होते आणि लाइट बंद होते.

तेव्हा नवे तीन आणून लावले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग एक गोष्ट लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. ऑगस्टमध्ये दोन दिवस सलग रिपरिप चालली तेव्हा एकही लाइट गेला नव्हता. मे महिन्यात संध्याकाळी जेमतेम अर्धा तास वळीव कोसळला आणि तीन गेले. पाणी तर ऑगस्टमध्ये जास्त पडलं. मग मे महिन्यात असं काय वेगळं होतं?

ऊन.

गेलेला एक लाइट मी उघडून पाहिला. मातीत खोचायचा, काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब. काचेभोवतीचा रबरी वॉशर बोटाने दाबला तर दबेना, वाळलेल्या चिंचेसारखा कडक. मागे जिथून केबल आत शिरते तिथली ग्लँड (केबल आवळून धरणारं फिरकीचं बूच) हाताने अर्धा फेरा फिरली, म्हणजे सैल. टेपचा जॉइंट सोडवला तर टेपचा डिंक वितळून काळा चिकटा झालेला आणि तार मोरचुदासारखी हिरवी-निळी. मी ती कापली, आत पुन्हा हिरवी. आणखी कापली. वीतभर कापल्यावर कुठे लालसर, चकचकीत तांबं दिसलं. पाणी तारेच्या बारीक केसांमधून, वातीत तेल चढावं तसं, प्लॅस्टिकच्या आतून वर चढलेलं. म्हणजे ते लाइटच्या काचेतून नाही, शेपटातून शिरलं होतं.

याचं कारण साधं आहे. दुपारी चारला काळ्या फिटिंगला हात लावला तर चटका बसतो. आतली हवा साठ अंशांवर आहे असं धरा. त्यावर गार पाणी पडून ती दहा मिनिटांत पंचवीस अंशांवर आली, तर हवा साधारण दहा टक्के आकसते. फिटिंग बंद आहे, म्हणून ती बाहेरून काहीतरी ओढणार. फट कोरडी असेल तर हवा ओढते. फटीवर पाण्याचा थर असेल तर पाणी. इंजेक्शनची सिरिंज पाण्यात धरून दट्ट्या ओढावा तसं. ऑगस्टच्या रिपरिपीत फिटिंगच गार असते, ओढ लागत नाही. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यापेक्षा वळीव जास्त लाइट घेतो. खरं तर उन्हाने आधीच रबर वाळवून, ग्लँड सैल करून काम निम्मं केलेलं असतं, आळ मात्र पावसावर येतो.

आयपीचा आकडा काय सांगतो

आयपीचे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे. पहिला धुळीसाठी, ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्यासाठी. ४ म्हणजे चोहोबाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे पाण्याची धार: ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर. ६ म्हणजे त्याहून जोराची धार. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. इथे एक मेख आहे. ७ ची परीक्षा पास झालेला लाइट ५ किंवा ६ ची पास झालाच असेल असं नाही, कारण बुडणं वेगळं आणि धार सोसणं वेगळं. दोन्हींत पास असेल तर खोक्यावर दोन्ही आकडे छापतात.

आता सोलापूरकराच्या कामाची गोष्ट. आयपीची परीक्षा आयईसी ६०५२९ या मानकाप्रमाणे होते. त्यात पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा असं धरलेलं आहे. आपल्या वळवात हा फरक पस्तीसचा. दिव्यांच्या स्वतंत्र मानकात दिवा पेटवून, तापवून तपासतात हे खरं, पण तोही नवाकोरा दिवा. दोन उन्हाळे पश्चिमेच्या भिंतीवर भाजलेलं रबर त्या आकड्यात कुठेच येत नाही. तेव्हा दुकानदार खोटं बोलत नव्हता. तो नव्या लाइटबद्दल बोलत होता, मी जुन्या.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतली रोषणाई पाहून “असलेच घेऊ, एवढ्या गर्दीत, धुळीत टिकतात” असं आमच्याकडे एकदा ठरलं होतं. पण गड्डा जानेवारीत, कोरड्या थंडीत. मंडपवाले माळा लावतात आणि काढूनही नेतात. बारा महिने मातीत उभ्या राहणाऱ्या दिव्याची तुलना त्यांच्याशी नको.

आधी दुखणं ओळखा, मग पैसे खर्च करा

लाइट गेला म्हणजे पाणीच गेलं असं नसतं, हे मी पैसे घालवून शिकलो. दुसऱ्या वर्षी वळवानंतर दोन लाइट भराभर उघडझाप करायला लागले, मोबाइलला जुमानेनात. आत पाणी गेलं असं समजून मी ते भंगारात टाकले. पुढच्या वादळात तिसराही तसाच करायला लागला तेव्हा माहितीपत्रक वाचलं. (तोवर ते पत्रक आमच्या मिक्सरच्या गॅरंटी कार्डाला चिकटून होतं.) बऱ्याच स्मार्ट दिव्यांना नव्याने जोडायची खूण म्हणजे बटण लागोपाठ तीन ते पाच वेळा चालू-बंद करणं. वादळात लाइट भसाभस जाते-येते, दिव्याला वाटतं मालकच खूण करतोय. तो जुनं वायफाय विसरतो आणि नव्याची वाट पाहत मिचमिचत बसतो. (विजेची ‘लाइट’ स्त्रीलिंगी आणि दिव्याचा ‘लाइट’ पुल्लिंगी, हे या पोस्टमध्ये सांभाळून घ्या.) दोन चांगले दिवे माझ्या उतावळेपणाने भंगारात गेले. तुमचे दिवे वादळानंतर एका लयीत उघडझाप करत असतील तर आधी ॲपमध्ये पुन्हा जोडून बघा. त्याच ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक सेटिंग असते, तिथे ‘आधीच्या स्थितीत’ निवडा. नाहीतर रात्री दोनला वीज आली की सगळी बाग पांढरीफेक उजळते आणि शेजारी सकाळी विचारतात, “रात्री काय झालं हो तुमच्याकडे?”

सगळे लाइट लागतात, पण लांबच्या टोकाचा पांढरा रंग तांबूस दिसतो? पाणी नाही, व्होल्टेज कमी पोचतंय. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीत प्रत्येक रंगाचे तीन-तीन ओळीने जोडलेले असतात. व्होल्टेज पडलं की निळा जास्त मंदावतो आणि लाल त्यामानाने कमी. टोकाशी मल्टिमीटर लावून बघा, साडेदहा-अकरा दिसले तर कारण सापडलं.

एकच रंग गेला, उदाहरणार्थ हिरवा लागतच नाही आणि पांढरा मागितला की जांभळट येतो? रंगीत लाइटला एक सामायिक अधिक तार आणि प्रत्येक रंगाची वेगळी तार असते. त्यांतली एक कुठल्या तरी जॉइंटमध्ये कुजली. दिवा ठीक आहे, जॉइंट शोधा.

पाऊस झाला की घरातला आरसीसीबी (वीज कुठे गळली की लाइन तोडणारा स्विच) पडतो? मग बागेत २३० व्होल्ट कुठेतरी ओल्यात उतरतंय. इथे घरचे प्रयोग नकोत. बागेची लाइन बंद करा आणि वायरमनला मेगर (केबलचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा. एक मेगाओहमच्या खाली इन्सुलेशन आलं तर ती केबल बदलायचीच. आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या. आणि ‘सारखा पडतो’ म्हणून तो काढून टाकायला सांगणारा वायरमन भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाकी वायफाय. हे दिवे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर हॉलच्या कोपऱ्यात, मध्ये आरसीसीची भिंत आणि लोखंडी ग्रिल, वर भिजलेली मधुमालती. पाणी या लहरी शोषतं, म्हणून पावसात ‘ऑफलाइन’ जास्त दिसतं. फोन घेऊन लाइटच्या जागी उभं राहा. सिग्नलची ताकद उणे सत्तर डीबीएमच्या खाली, म्हणजे उणे पंचाहत्तर वगैरे दिसली, तर दिव्याला दोष देऊ नका.

तिसऱ्यांदा घेताना काय बदललं

आठ स्मार्ट दिवे म्हणजे आठ वायफायच्या चिपा आणि आठ छोटे पॉवर सप्लाय उन्हात उभे. त्यांच्यात आधी मरतो तो हाच नाजूक भाग. एलईडी सहसा शेवटी जातो. म्हणून या वेळी अक्कल घरात ठेवली आणि रंग बाहेर. अडॅप्टर आणि वायफाय कंट्रोलर पोर्चच्या स्लॅबखाली एका डबीत, आणि बागेत २४ व्होल्टचे साधे, बिनडोक, चार रंगांचे लाइट. चार म्हणजे लाल, हिरवा, निळा आणि वेगळा पिवळसर पांढरा. हा वेगळा पांढरा घ्याच. तीन रंग मिसळून केलेला पांढरा पानांवर आजारी दिसतो, आणि खरं सांगायचं तर वर्षातले साडेतीनशे दिवस आपण पिवळसर पांढराच लावतो. निळ्या-पांढऱ्यावर किडेही जास्त येतात. किडे आले की पाली येतात, आणि पाल उघड्या जंक्शन बॉक्समध्ये शिरली की काय होतं ते सांगायला नको.

या पद्धतीत एक तोटा आहे: एका कंट्रोलरवरचे सगळे लाइट एकाच रंगाचे होतात. पारिजातकावर जांभळा आणि भिंतीवर केशरी असं हवं असेल तर दोन कंट्रोलर लावा. मी तेच केलं. प्रत्येक दिव्याचा वेगळा रंग हवा असेल तर झिगबीचे (वायफायऐवजी वेगळ्या बिनतारी जोडणीवर चालणारे) दिवे किंवा पिक्सेल पट्टी (जिच्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा ठरवता येतो) हे मार्ग आहेत. पण साध्या पिक्सेल पट्टीत एक पिक्सेल मेला की पुढचे सगळे आंधळे होतात, म्हणून ती उघड्यावर लावायचं धाडस मी केलेलं नाही.

बाराऐवजी चोवीस व्होल्ट का? आमचा हिशेब सांगतो. आठ लाइट, प्रत्येकी सहा वॉट, एकूण ४८. चोवीसवर दोन ॲम्पिअर, बारावर चार. पंधरा मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे विरोध ०.३५ ओहम. सगळा भार टोकाशी आहे असं धरलं, तर बारावर १.४ व्होल्ट पडतात, जवळपास बारा टक्के. चोवीसवर ०.७, म्हणजे तीन टक्के. टोकाचा तांबूसपणा निम्मा इथेच मिटतो. अडॅप्टर ४८ वॉटला बरोब्बर ५० चा घेऊ नका. बरेचसे अडॅप्टर पन्नास अंशांपुढे पूर्ण ताकद देत नाहीत, आणि पश्चिमेच्या भिंतीवरची बंद डबी मे महिन्यात तेवढी सहज तापते. ७५ वॉटचा घ्या आणि सावलीत ठेवा. ‘रेनप्रूफ’ म्हणून मिळणारा, खाली जाळी असलेला पत्र्याचा सप्लाय उघड्यावर नकोच. आतून रसायन ओतून भरीव केलेला असतो तो घ्या. हातात घेतला की वजनावरून फरक कळतो.

फिटिंग निवडताना आता मी दुकानात रंग किती लाख दाखवतो ते विचारत नाही. उलटी करून शेपूट बघतो. केबल रबरी आवरणाची आहे की पातळ प्लॅस्टिकची? ग्लँड धातूची आहे की नुसतं भोक पाडून सिलिकॉन भरलंय? काचेभोवतीचा वॉशर काढून बदलता येतो का? चांगल्या फिटिंगला मागे नाण्याहून लहान अशी एक गोल टिकली असते, श्वास घेणारा व्हॉल्व्ह. त्यातून हवा ये-जा करते, पाणी नाही. मग आत ओढच तयार होत नाही, आणि वळवाचा सगळा डाव तिथेच मोडतो. एवढ्याशा टिकलीसाठी मी जास्त पैसे दिले आणि पुन्हा देईन. पट्टी घ्यायची असेल तर सिलिकॉनच्या नळीतली. वरून इपॉक्सी ओतलेली पट्टी उन्हाने पिवळी पडते, मग निळा रंग हिरवट दिसायला लागतो.

नवी फिटिंग लावण्याआधी घरी तपासा, वायर न जोडता. भर दुपारी तासभर उन्हात ठेवा आणि मग आयपी ६५ असेल तर पाइपने पाणी मारा, ६७ असेल तर बादलीत बुडवा. रात्रभर तशीच ठेवून सकाळी काचेच्या आत धुकं दिसलं तर परत करा. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत हे करायचं, मी केलं तसं दिवाळीनंतर नाही.

जॉइंट

इन्सुलेशन टेप हा उघड्यावरचा जॉइंट नव्हे, एवढं एक मान्य केलं की अर्धी दुखणी जातात. मला रस्ता दाखवला तो आमच्या बोअरची मोटार काढायला आलेल्या मेकॅनिकने. माझा टेप बघून तो हसला. “मालक, आमचे जॉइंट तीनशे फूट पाण्यात असतात. हा तर उन्हातच सुटला की ओ.” त्याच्या पिशवीत रबराचा टेप होता. दुप्पट लांब होईस्तोवर ताणून, निम्मा-निम्मा एकमेकांवर चढवत गुंडाळायचा. तासाभरात त्याचे थर एकजीव होऊन एकच गोळा होतो, नखाने सोलत नाही. त्यावर ऊन लागू नये म्हणून साधा काळा टेप. गरम करून आकसणारी, आतून गोंद असलेली नळीही चालते. सबमर्सिबल मोटारीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतात. बागेच्या लाइटवाल्याला विचारलंत तर तो म्हणेल, “कशाला सर?”

सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं ॲसिड तांबं खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि डबीत शिरणार नाही. डबीची भोकं नेहमी खालच्या बाजूला.

आणि काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. वीतभर खाली पुरलेला पाइप दर वर्षी ओढला जातो, ढकलला जातो, आणि जॉइंट मातीत असेल तर तोच आधी सुटतो. आम्ही चर खणून खाली-वर मुरूम घातला आणि सगळे जॉइंट जमिनीवर आणले. केबलला दोन्ही टोकांना हातभर सैल ठेवली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काचेवर चढतो तो ओल्या फडक्याने पंधरवड्याला पुसतो. पाणी सुटतं त्या दिवशी मोठ्या पाइपने झाडं धुण्याची घरातल्यांची हौस आहे, ती मात्र थांबवता आलेली नाही. लाइटच्या शेपटावर जवळून धार धरू नका, एवढ्यावर तह झालाय.

या व्यवस्थेने एक पूर्ण उन्हाळा आणि पाच वळीव काढले. आठांतले सात ठणठणीत आहेत. पारिजातकाखालच्या आठव्याच्या काचेत सकाळी नखाएवढं धुकं दिसतं आणि दहा वाजेपर्यंत विरतं. त्याची ग्लँड आवळली, वॉशर बदलला, तरी आहेच. शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात विचारलं, “तुमच्यासारखेच आणायचेत, कुठले घेऊ?” त्यांना मी दुकानाचं नाव सांगितलं नाही. त्यांची भिंत पूर्वेची आहे की पश्चिमेची ते आधी विचारलं. पूर्वेची निघाली.